आका केझायाचा न उघडलेला दगड

तुम्ही आपल्या माणसाला दोनदा पुरलंय कधी?

एकदा पुरलं असेल, जाळलं असेल. ते सगळ्यांच्याच वाट्याला येतं. मी दुसऱ्या वेळेचं विचारतेय. नसेल पुरलं, तर केझाया आकाबद्दल ऐकून घ्या आणि मध्ये बोलू नका. आमच्या बेटावर वर्षाकाठी कितीतरी लोक येतात. पिशवीतून ड्रोन काढतात, उडवतात, ‘बुडणारं बेट’ म्हणून फोटो घेतात, आकाच्या ओट्यावर बसून तिनं निखाऱ्यात भाजलेला डॅम्पर, आमचा जाड पाव, पाक लावून खातात आणि दुपारच्या विमानानं जातात. मग छापून येतं, की एक हताश म्हातारी समुद्राकडे बघत बसली होती. हताश! ती समुद्राकडे बघत नव्हती. तिचा डॅम्पर कोण किती खातंय ते बघत होती.

आका म्हणजे आजी. माझी ती सख्खी नाही, पण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळ, टोरेस सामुद्रधुनीतल्या आमच्या या वाळूच्या बेटावर ती सगळ्यांचीच आका. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म काढला. आज जे बाप्ये होऊन बेटाच्या सभेत माझ्या अंगावर येतात, त्यांना तिनं डाव उगारून भात खायला बसवलेलं मी पाहिलंय. तिचा नवरा मुख्य भूमीवर रेल्वेचे रूळ टाकायला गेला, तो तिकडेच उन्हात कोसळला आणि पेटीतून परत आला. दोन पोरं लहानपणीच गेली. राहिली एक मर्सी. इतकं होऊनही चर्चच्या गायनात आकाचा आवाज असायचा. बाकीच्या बायका वर उडायच्या, ही खाली पाया धरून उभी. ती गात नसली की सगळं गाणं हलायचं.

मग टोबायस गेला, आणि आका मागच्या बाकावर जाऊन बसायला लागली.

टोबायस मर्सीचं पहिलं पोर. आमच्यात पोर देण्याची रीत आहे. आकानं मागितलं, मर्सीनं दिलं. दिलं की दिलं. देणारी पुन्हा ‘माझं’ म्हणत नाही, आणि मर्सी कधी म्हणाली नाही. ती पुढे लग्न करून मुख्य भूमीवर मॅकायला गेली, तिथं तिला आणखी पोरं झाली. टोबायस इथं आकाच्या पाठीवर वाढला. शेवंडं पकडणारा पाणबुड्या झाला. बोटीचं इंजिन नुसतं ऐकून काय बिघडलंय ते सांगायचा. पण लहानपणी घसा धरून त्याला ताप आला होता, तो ताप सांध्यांत उतरला आणि तिथून काळजात. आमच्याकडे हा रोग इतक्या पोरांना आहे, की दवाखान्याच्या दारात इंजेक्शनासाठी रांग लागते. गोऱ्यांच्या शहरात हा रोग आता बघायला मिळत नाही म्हणतात. बरोबर आहे. तिकडे घरात माणसं कोंबलेली नसतात आणि नळाला पाणी असतं. असो. भडकायला बसले तर आकाचं राहून जाईल.

मुख्य भूमीवर, केर्न्सच्या इस्पितळात काळजाच्या झडपेचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्याची वाट बघताना टोबायस गेला. तिशी नुकती ओलांडली होती. आका त्याच्या उशाशी होती. परत आली तेव्हा मी धक्क्यावर गेले होते. मला वाटलं गळ्यात पडून रडेल. ती म्हणाली, “रोडा, त्या इस्पितळातला भात कोण शिजवतं गं? पोरानं शेवटी तो खाल्ला. मीठ नव्हतं त्यात.”

मी त्या दिवसांत फार कडू झाले होते. मला देवाचं नाव नको वाटायचं. आका चर्चला जायची, पण मागे बसून, तोंड मिटून. मी एकदा विचारलं, “आका, सोडलंस काय त्याला?”

“कुणाला?”

“वरच्याला.”

“सोडेन कशी? त्यानं मला उत्तर द्यायचं आहे अजून. मी रोज विचारते, तो रोज गप्प. पण खोलीतून निघून गेलेला नाही, एवढं कळतं मला.”

“आणि नाहीच दिलं उत्तर तर?”

“तर शेवटच्या दिवशी टोबायसला कबरीतून उठवेल तेव्हा सगळ्यांसमोर विचारीन. तिथं पळून कुठं जाईल?”

आमच्याकडे माणूस गेला की कबरीवर साधा लाकडी क्रूस रोवतात. मग काही वर्षं जातात. घरचे पै-पै साठवतात. मग मुख्य भूमीवरून कोरीव दगड येतो, कबरीवर बसवतात आणि रंगीत कापडांत गुंडाळून ठेवतात. ठरल्या दिवशी बेटाबेटांवरून माणसं येतात, फादर आशीर्वाद देतात, कापडं एकेक करून उतरतात आणि दगड उघडतो. त्या दिवशी शेवटचं रडायचं. मग जेवणं, मग नाच. तोवर घरच्यांनी नाचायचं नाही, मेजवानीला बसायचं नाही. दगड उघडला की शोक फिटला, मेलेला आणि जिवंत दोघंही मोकळे.

आणि हे सगळं काम घरच्यांनी करायचं नसतं. रक्ताच्या माणसानं कबरीला हात लावायचा नाही. सोयऱ्यांनी करायचं, त्यांना आम्ही मारीगेत म्हणतो. खड्डा ते खणतात, दगड ते बसवतात, कापड ते गुंडाळतात. टोबायसच्या मारीगेतांचा म्होरक्या होता अवा सॅमसन, आकाच्या नणंदेचा नवरा. हाडापेराचा, कमी बोलणारा म्हातारा. अवा म्हणजे मामा, पण त्यालाही सगळं बेट अवाच म्हणतं.

आकाच्या पायांना सूज यायला लागली ती याच काळात. दवाखान्यातली नर्स म्हणाली, मूत्रपिंडं निकामी होत चाललीयेत, केर्न्सला जाऊन मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागेल, आणि तिकडेच राहावं लागेल. आकानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाळ, तू चांगली आहेस. पण त्या गावात मी पोर गमावून आले. मी जाणार नाही. दगड उघडू दे, मग मी मोकळी. मग वरचा केव्हाही नेऊ दे.”

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी आकाला शिव्या दिल्या घरी आल्यावर. “मरायला निघालीस सरळ! आणि त्याला श्रद्धा म्हणतेस!”

“बोटीला इंजिनाऐवजी तुझं तोंड लावलं ना रोडा,” आका म्हणाली, “तर पेट्रोलशिवाय केर्न्सला पोचशील. तूच जा.”

आता दगडाचं. आमचं कबरस्तान उत्तर-पश्चिमेच्या किनाऱ्यावर, चाफ्याखाली. तिथली वाळू दर वर्षी थोडी थोडी जातेय. समुद्र अडवणाऱ्या भिंतीसाठी मी किती वर्षं भांडतेय ते सांगत नाही. धक्क्याच्या बाजूला पोत्यांची भिंत झाली, कारण तिकडे कचेरी आहे. कबरस्तान ‘पुढच्या टप्प्यात’. मेलेले मत देत नाहीत, म्हणून पुढच्या टप्प्यात.

आका हे सगळं जाणून होती. म्हणून तिनं केर्न्सच्या दगडवाल्याला फोनवर सांगितलं, “तुझ्याकडे सगळ्यात जड कुठला आहे? तो दे. समुद्राला हलवता येऊ नये असा.”

मी शेजारीच बसले होते. म्हटलं, “आका, उठायच्या दिवशी पोरगं बाहेर कसं येणार? छातीवर एवढा धोंडा ठेवून?”

“वरच्याला धोंडे बाजूला सारायची सवय आहे,” ती म्हणाली. “येशूच्या कबरीवरचा सारला, हा काही पहिला नसेल त्याचा.”

डिसेंबरात मालवाहू बार्जवरून दगड आला. काळा, आरशासारखा चकचकीत, वर टोबायसचा हसरा फोटो. उतरवताना बार्जचं फळकूट मोडलं. अवा सॅमसन आणि त्याच्या माणसांनी खाली काँक्रीटचा जाड पाया घातला, त्यावर दगड चढवला, आणि लाल, निळं, पिवळं असं कापडावर कापड गुंडाळून झालरी लावल्या. नाताळ झाला की नव्या वर्षातल्या पहिल्या शनिवारी उघडायचा असं ठरलं. थर्सडे बेटावरून, केर्न्सहून, मॅकायहून माणसं यायला लागली. मर्सी आली, तिचा नवरा, पोरं आली. आकाच्या अंगणात पातेल्यांचा ढीग लागला. कंदमुळं सोलून नारळाच्या दुधात पडत होती, भट्टीसाठी खड्डा खणला, भट्टीतले गोटे तापवायला लाकडं आली. आकाला बसल्या जागेवरून उठता येत नव्हतं, तरी तिचं चालूच: “अगं, ते रताळं आहे, साबण नाही! नीट चिर!”

मर्सीला मी इतकं हलकं कधी पाहिलं नव्हतं. ती नाचाची तालीम करत होती, पोरींना पावलं दाखवत होती. मला म्हणाली, “रोडा, मी टोबायस दिला तेव्हा रडायचा हक्क पण दिला गं मी. लोक आईचं सांत्वन करायला आकाकडे जायचे. शनिवारी मी पण मोकळी होणार.”

मंगळवारपासून कुकी वारा सुटला. उत्तर-पश्चिमेचा, आमचा सगळ्यात वाईट वारा. वर अमावस्येचं उधाण. बुधवारभर आम्ही पातेली आत-बाहेर करत राहिलो. गुरुवारी सकाळी ओहोटी लागली, तशी अवा सॅमसन आकाच्या ओट्यावर येऊन बसला. टोपी हातात, मान खाली. तो बोलत नव्हता, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

“तोंड उघड, सॅमसन,” आका म्हणाली.

“पाया कललाय. समोरची वाळू गेली.”

“किती?”

“पेटीची कड दिसतेय.”

आम्ही आकाला गाडीत घालून नेलं. मी हे बघून आलेय, म्हणून सांगते, बघायला जाऊ नये. काळा दगड आपल्या झालरींसकट समुद्राकडे झुकला होता. काँक्रीटखालची वाळू पाण्यानं चाटून नेली होती. आणि गंमत काय, तर शेजारच्या जुन्या कबरी, लाकडी क्रूस आणि शंख-शिंपल्यांच्या, त्या तशाच उभ्या. त्यांच्याखालची वाळू कमी गेली होती.

“असं कसं?” मी विचारलं.

अवा सॅमसन आकाकडे बघेना. “वजनानं,” तो हळूच म्हणाला. “खालून पाणी शिरलं, वरून हा एवढा भार. कड दगडानंच ओढली.”

आका ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, “म्हणजे मी ओढली.”

“तू नाही गं, आका...”

“सगळ्यात जड दे, असं तू म्हणालीस की मी?”

ओट्यावर परत आलो तेव्हा घरची सगळी जमली होती. अवा सॅमसननं दोनच वाटा सांगितल्या. पुढचं मोठं उधाण शनिवारी संध्याकाळचं. तर उद्याच, शुक्रवारी, दगड उघडून घ्यायचा. फादर तयार आहेत, माणसं आलीत, जेवण तयार आहे. शोक फिटेल. मग समुद्रानं नेलं तर नेलं, आपण आपलं केलं. किंवा पेटी काढायची आणि धावपट्टीमागच्या उंचवट्यावर पुन्हा पुरायची.

“आणि पुन्हा पुरलं तर?” मर्सीनं विचारलं, जरी तिला ठाऊक होतं.

“तर पुन्हा क्रूस,” अवा सॅमसन म्हणाला. “माती बसायला हवी. दगड नवा आणावा लागेल, हा जड तिथवर जाणार नाही. तीन वर्षं तरी.”

तीन वर्षं. आकाच्या सुजलेल्या पायांकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं आणि एकदम नजर काढून घेतली.

मर्सी पुढे आली, आकाच्या गुडघ्याशी बसली. “आई, उद्या उघडू या. तू बघशील तरी. तू तिथं असशील. हे सगळं तुझ्यासाठी केलंय गं. तीन वर्षांनी तू...” मग बोललीच. “तू तेव्हा नसशील!”

“नसेन की.”

“मग तुझा शोक कोण फेडणार? तू अशीच जाणार? न नाचता, न जेवता?”

“जाईन. मग दोघंही झोपलेले असू, मी नि तो. उठवणारा एकच आहे. एकाच्या ऐवजी दोन हाका मारायला त्याला काय जड जातंय?”

मर्सी उठली. तिचा आवाज असा चढला, की अंगणातल्या बायका थांबल्या. “तुला सगळी त्या उठायच्या दिवसाची घाई! मला हा शनिवार हवा होता! मी एकदा दिला तुला तो. आता शेवटही तूच ठरवणार? मी कधी मोकळी होऊ? मेल्यावर? माझ्यात नाही तुझ्याइतकी ताकद, आई. मला इथं हवंय, जिवंतपणी!”

मर्सी खोटं बोलत नव्हती. मी तिच्याच बाजूची होते, आणि तेव्हा तोंड गप्प ठेवणं मला जमलं नाही. मी म्हटलं, “आका, ती बरोबर बोलतेय. तूच म्हणतेस ना, देव त्याला उठवणार? मातीतून उठवेल तसा समुद्रातून उठवेल. त्याला अवघड काय? मग हलवायचं कशाला? की आता तुझाच विश्वास नाही?”

फार बोलले. पण बोलले ते बोलले.

आका माझ्यावर ओरडली नाही. तिनं मर्सीचा हात धरला होता, तो सोडला नाही, आणि बोलली माझ्याशी.

“रोडा, तू तुझ्या पोरांना झोपवायचीस ना? सकाळी उठणार हे ठाऊक असायचं ना तुला?”

“हो.”

“म्हणून ओल्या जमिनीवर टाकायचीस? उठणारच आहे सकाळी, मग पांघरूण कशाला, असं म्हणायचीस?”

“उठणार आहे म्हणून तर नीट झोपवायचं. उठायचाच नसता तर मीच म्हटलं असतं, जाऊ दे समुद्रात, हाडंच ती. मी त्याला देवाच्या हवाली केलंय, भरतीच्या नाही.” मग तिनं मर्सीकडे वळून पाहिलं. “मर्से, तुझं मी हिरावून घेतेय. मला कळतंय. जड दगड मी मागितला, आणि भोगायचं तू. मला यातून वाट दिसत नाही, पोरी. मला फक्त त्याला झोपवता येतं.”

मर्सीनं हात सोडवून घेतला आणि आत गेली.

पेटी हलवायला परवानगी लागते. मी लिहायला-वाचायला शिकले ती भांडता यावं म्हणून, आणि त्या दिवशी ते कामाला आलं. कचेरीतला माणूस फोनवर म्हणाला, नियमाप्रमाणे काही आठवडे लागतील. मी म्हटलं, “दादा, तुमचा नियम मला कशाला सांगता, समुद्राला वाचून दाखवा. तो शनिवारी येतोय.” त्याच्या साहेबाला उठवलं, साहेबाच्या साहेबाला रात्रीच्या जेवणावरून उठवलं. शुक्रवारी दुपारी कागद आला.

मारीगेतांनी पेटी बाजूनं वाळू काढून ओढली. दगड उचलायचा प्रश्नच नव्हता. रक्ताची माणसं लांब उभी, पाठ करून, कारण बघायचं नसतं, आणि मीही त्यांच्यातच. आकाला खुर्चीवर बसवलं होतं, तिचीही पाठ होती. मागून अवा सॅमसनचा आवाज येत होता: “हळू... हळू... धरा... पोराला हिसका देऊ नका.” मग पेटी ट्रॅक्टरवर चढली आणि आम्ही वळलो.

आधार गेल्यावर पाया अजून कलला होता. आम्ही बघत असतानाच काळा दगड सरकला. घाईनं नाही. माणूस पाण्यात उतरतो तसा उतरला आणि उथळ पाण्यात पालथा झाला. त्याची कापडं सुटली नाहीत. लाल झालर लाटेबरोबर वर-खाली होत राहिली. कुणीच तो उघडला नव्हता, आणि आता कुणी उघडणारही नव्हतं.

आका म्हणाली, “चला.”

उंचवट्यावर जमीन कडक, धावपट्टीसाठी टाकलेल्या मुरमाची. खणताना पहारी वाजत होत्या. फादरांनी पुन्हा तेच शब्द म्हटले जे पहिल्या वेळी म्हटले होते, आणि दुसऱ्यांदा ऐकताना ते शब्द वेगळेच लागतात, एवढंच सांगते. आकानं भजन सुरू केलं. इतक्या वर्षांनी तिचा आवाज ऐकला मी. दुसऱ्या ओळीपर्यंत पोचली आणि श्वास पुरेना. ओळ अर्ध्यात तुटली. बाकीच्यांनी पुढे नेली, पण खाली धरणारं कुणी नव्हतं, ते गाणं डगमगतच संपलं.

लाकडी क्रूस रोवला. पाय पूर्वेला, तोंड उगवतीकडे, आमच्याकडे सगळ्यांना ठेवतात तसं.

मेजवानीचं अन्न होतंच. टाकणार कुठं? तेच लोकांनी खाल्लं, चटयांवर बसून, मरणाचं जेवण म्हणून. ढोल गुंडाळलेले राहिले. मर्सीच्या पोरींचे नाचाचे घागरे खुंटीवरून तसेच बॅगेत गेले. रविवारच्या विमानानं मर्सी गेली. आईच्या गालाला गाल लावला, पण एक शब्द बोलली नाही. अजूनही फोन घेत नाही. तिचा नवरा घेतो, ‘ती बाहेर गेलीये’ म्हणतो. मी तिला दोष देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका. तिच्या गळ्यात एक शोक बांधला गेलाय जो तिनं मागितला नव्हता.

त्यानंतर आका काही दिवस खाटेवरून उठली नाही. मला वाटलं, आता ही जाणार. पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते, बसल्या बसल्या धाप लागायची. मी एका सकाळी चहा घेऊन गेले, तर ती खाटेवर बसून कपडे पिशवीत भरत होती.

“कुठं?”

“केर्न्सला.”

“काय?”

“कान पण गेले तुझे? केर्न्सला. त्या मशीनला बांधून घ्यायला. नर्सला सांग.”

“पण तू तर म्हणायचीस, मरेन पण...”

“तेव्हा माझं काम संपत आलं होतं. आता पुन्हा सुरू झालंय. तीन वर्षं काढायची आहेत मला.”

मी पिशवी हातातून घेतली. म्हटलं, “आका, तू तर म्हणालीस, तू मेलीस तरी चालेल. दोन हाका मारेल तो.”

“मारेल. त्याचं तो बघेल.” ती खाटेच्या कडेला धरून उठली. “पण मर्सी जिवंत आहे. तिला मोकळं करायचं असेल तर दगड उघडताना मी तिथं उभी पाहिजे. मी उभी असले तरच ती येईल. ते देव माझ्या ऐवजी करणार नाही. मी विचारलं त्याला.”

“काय म्हणाला?”

“गप्पच आहे. पण म्हटलं ना, खोलीतून गेलेला नाही.”

आता आका केर्न्समध्ये एका वसतिगृहात राहते, आमच्याच बेटांवरच्या आजारी बायकांसोबत. खिडकीतून समुद्र दिसत नाही, गाड्यांची जागा दिसते. आठवड्यातून तीनदा गाडी येते, तिला त्याच इस्पितळात घेऊन जाते जिथं टोबायस गेला. मशीनवर हात बांधून तासन्‌तास पडायचं. मी दोनदा जाऊन आले. थंडी वाजते म्हणते, मशीन आतून गार करतं. शेजारच्या खाटेवरची पोरगी कधी कधी रडते, तिला आका सांगते, की येशू येईल तेव्हा पहिलं काम हे, की या सगळ्या नळ्या तो स्वतःच्या हातानं सोडवेल. मग मला डोळा मारून म्हणते, “आणि भातात मीठ घालेल.” पण परत येताना मी दारातून वळून पाहिलं, तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिचे खांदे हलत होते. मी आत गेले नाही. ते तिचं नि त्याचं होतं.

डॉक्टर म्हणतात, काळीजही थकलंय. एक वर्ष नक्की, पुढचं सांगता येत नाही.

मी भिंतीसाठी भांडेन, मर्सीला फोन करत राहीन, अवा सॅमसनबरोबर हलका दगड निवडीन. ते मला येतं. पण एक गोष्ट मला येत नाही. टोबायस गेला त्या दिवसापासून माझ्या तोंडून प्रार्थना निघत नाही. गुडघे टेकते आणि नुसता राग वर येतो. तेव्हा तुम्ही जर कुणापुढे हात जोडत असाल, कुठल्याही नावानं, तर आज जोडा. केझाया आकासाठी तीन वर्षं मागा. माझ्याच्यानं होत नाही, तुम्ही मागा.